शकूताईंची व्हॅन आणि सकाळचं मिसिंग

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. जळकं ऑइल आणि किस्से. ऑइलचा ड्रम भरला की कुणीतरी येऊन तो घेऊन तरी जातं. किस्से कुणीच नेत नाही. ते माझ्याकडेच पडून राहतात, आणि गेल्या हिवाळ्यात एकाच गाडीने इतके साठवले की मी दमले. म्हणून आज ते तुमच्यापुढे रिकामे करतेय.

आधी सांगते, मी काय समजून आले होते. पाच वर्षं जर्मनीत होते. इंजिनातले बिघाड शोधणं हाच माझा विषय. तिथे गाडी आली की वायर जोडायची, स्क्रीनवर कुठे काय बिनसलंय ते लिहून येतं. मी ठरवलं होतं की हे शिकून नगरला परत जायचं. ज्या जुन्या गाड्यांवर आपल्याकडे लोकांचं दूध, दवाखाना, शाळा चालते, त्यांना खरं निदान मिळालं पाहिजे. अंदाजाने पार्ट बदलणं बंद! परतीच्या विमानात मी वहीच्या पहिल्या पानावर ब्रीदवाक्यही लिहिलं: ‘आधी निदान, मग पाना.’

आणि सापडलं काय? सावेडी ओलांडल्यावर, संभाजीनगर रोडच्या कडेला पत्र्याचं एक गॅरेज. बाबांचे मित्र भानुदासनाना यांचं. नानांचं वय पासष्ट, अनुभव पन्नास वर्षांचा. त्यांच्याकडे निदानाचं एकच यंत्र होतं. लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे.

“बोलती ती,” नाना म्हणायचे. “आपन ऐकायचं.”

मी रुजू झाले, आणि पंधरा दिवसांत शकूताईंची व्हॅन आली. ती एवढं बोलायची, की आमचं दोघांचंही ऐकणं संपलं.

*

शकूताई पांढरी पुलाजवळच्या एका वस्तीवर राहतात. चाळिशीच्या आसपास. नवऱ्याच्या मागे गाडी शिकल्या. वीस वर्षांहून जुनी पेट्रोल व्हॅन, इंजिन ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली. त्या व्हॅनमधून वस्तीवरच्या आठ पोरी रोज नगरला शाळा-कॉलेजात येतात. सकाळच्या एसटीची वेळ जुळत नाही, आणि पोरींना एकटीने हायवेला उभं करायला घरचे तयार नाहीत. म्हणजे व्हॅन आहे तोवर शिक्षण आहे.

आणि व्हॅन मिसिंग मारत होती. म्हणजे चालता चालता इंजिन मध्येच एखादा ठोका चुकवायचं, गाडी झटके द्यायची, कधीकधी बंदच पडायची. रोज नाही. सारखं नाही. मनाला येईल तेव्हा.

मी मोठ्या उत्साहाने जर्मनीहून आणलेला स्कॅनर काढला. वायर हातात घेऊन गाडीभोवती दोन चकरा मारल्या. डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. बॅटरीच्या बाजूने बघितलं. वायर जोडायला जागाच मिळेना.

नाना लिंबाखाली बसून चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, “केतकी, ह्या गाडीला दोनच भोकं हायेत. एक पेट्रोल ओतायचं, दुसरं धूर सोडायचं. तुजी वायर कुठल्या भोकात घालायची ते तूच ठरव!”

*

स्कॅनर पेटीत गेला. मी हिंमत सोडली नाही. डॉक्टर आधी पेशंटला विचारतो, तसं आपण विचारायचं. मी शकूताईंना एक वही दिली. गाडीने कधी, कुठे, किती वेळा मिसिंग मारलं ते रोज लिहायचं.

“ताई, माजे हात स्टेअरिंगवर असत्यात. मी कवा लिहू?”

“मग पोरींना लिहू दे.”

आठवड्याने वही परत आली. आठ पोरींनी पाळी लावून लिहिली होती. मी ती आजही जपून ठेवलीय.

‘सोमवार. घाटात दोनदा शिंकली. मंगळवार. अजिबात नाही, पण हॉर्न आपोआप वाजला. बुधवार. जेऊरला शिंकली, तेव्हा वैष्णवीचा डबा सांडला, आज सगळ्यांनी कोरडी चपाती खाल्ली. गुरुवार. सारखी शिंकत होती. काकू तिला काहीतरी बोलल्या, ते लिहिता येत नाही.’

बारावी सायन्सच्या मुलीने शेवटी आलेख काढला होता. आडव्या रेषेवर वार, उभ्या रेषेवर शिंका. खाली निष्कर्ष: ‘गाडी फक्त सकाळी शिंकते. दुपारनंतर तिला बरं वाटतं.’

खरं सांगते, मला तेव्हा हसू आलं. सगळ्या प्रकरणातली सर्वांत नेमकी नोंद ती होती, आणि मी ती हसून बाजूला ठेवली.

*

मधेमधे येणाऱ्या बिघाडाचा एक नियम आहे. तो मेकॅनिकसमोर येत नाही.

शकूताई सकाळी पोरींना सोडायच्या आणि नऊच्या सुमाराला गाडी आमच्याकडे आणून लावायच्या. आणि गाडी आमच्या दारात शिलाई मशीनसारखी चालायची! मी रेस देऊन बघितलं, दिवे लावून बघितलं. नाना स्क्रूड्रायव्हर कानाला लावून पाच-पाच मिनिटं बसले. एकही ठोका चुकेना. दुपारी शकूताईंच्या शेजारी बसून मी वाटेतल्या जेऊर गावापर्यंत जाऊन आले. जाताना गुणी, येताना गुणी.

“ताई, आईशप्पत, सकाळी घाटात तीनदा बंद पडली,” शकूताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “ही बया मला खोटारडी ठरीवती बगा.”

जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा आम्ही गाडी तीन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून घेतली. रोज सकाळी सातला मी येऊन चावी फिरवायचे. तीन दिवस काही नाही.

नाना म्हणाले, “पाहुनी हाय. परक्याच्या घरी नीटच वागनार ती.”

*

गाडी पत्ता लागू देत नसेल तर आपल्याकडे काय करतात? पार्ट बदलतात. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आधी निदान, मग पाना.’ त्याच भिंतीखाली बसून आम्ही आधी प्लग बदलले. मग पॉइंट. मग प्लगच्या वायरी. मग कार्बोरेटर खोलून धुतला. मग कॉइल.

शेजारच्या चहाच्या टपरीवरून रोज नवं निदान यायचं. “पेट्रोलमध्ये पानी हाय.” “टायमिंग गेलं.” “गाडीला दृष्ट लागलीया, उगं इंजिन खोलू नका.” एक गृहस्थ तर स्कूटर थांबवून, हेल्मेट न काढता, ठामपणे सांगून गेले, “फिल्टर!” कशाचा, ते सांगितलं नाही.

प्रत्येक वेळी नवा पार्ट बसवला की शकूताई खुशीत जायच्या. आणि दोन दिवसांनी परत यायच्या. मला तर वाटायला लागलं होतं की आम्ही जितकी दुरुस्ती करतोय तितकी गाडी जास्त बिघडतेय. असं वाटणं अशास्त्रीय आहे, असं मी स्वतःला बजावलं.

एका सकाळी येऊन बघते तर माझ्या ब्रीदवाक्यावर फॅनबेल्ट टांगलेले. ‘निदान’ पूर्ण झाकलेलं, ‘पाना’ तेवढा दिसतोय.

“नाना, हे काय?”

“अगं, भिंतीला तेवढीच जागा रिकामी हुती.”

*

शेवटी मी जर्मनीतल्या माझ्या प्राध्यापकांना व्हिडिओ कॉल लावला. भला माणूस. निम्मं आयुष्य इंजिनांत घालवलेला. मी मोबाईल गाडीभोवती फिरवला. त्यांनी विचारलं, गाडी किती किलोमीटर चाललीय?

मी शकूताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मीटर दोन लाखाला दमलं. त्याच्यानंतर मोजलं न्हाई.”

आधीचे मालक कोण? शकूताईंनी बोटांवर सांगितलं. आधी एक भाजीवाले, मग एक बँड पार्टी, मग मंडपवाले, मग आम्ही. प्राध्यापकांनी सगळी यादी लिहून घेतली. मग म्हणाले, “आमच्याकडे ही गाडी केव्हाच म्युझियममध्ये गेली असती.”

“काय म्हनले सायेब?” शकूताईंनी अधीरपणे विचारलं.

मी दमलेले होते. जे ऐकलं ते सांगून टाकलं. “म्हणाले, ही गाडी म्युझियममध्ये ठेवण्यासारखी आहे.”

शकूताईंनी पदराने व्हॅनची काच पुसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं, की जर्मनीच्या साहेबांनी शकूची गाडी म्युझियमसाठी मागितली, पण शकू म्हणाली, आधी पोरींची परीक्षा होऊ दे!

*

ही हवा टिकली असती तर बरं झालं असतं. पण घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी इमामपूरच्या घाटात, ऐन वळणावर बंद पडली. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे ट्रक, समोरून म्हशी भरलेले टेम्पो उतरतायत. शकूताई स्टार्टर मारतायत आणि आठ पोरी युनिफॉर्ममध्ये खाली उतरून गाडी ढकलतायत. एक टेम्पो इतक्या जवळून गेला, की त्यातल्या म्हशीची शेपटी एका पोरीच्या दप्तराला लागली. पोरी ते हसत सांगतात. घरचे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे आबा गॅरेजमध्ये आले. त्यांची नात गाडीत असते. पांढरा सदरा, आवाज अगदी हळू. ते नानांशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले.

“ताई, आमी काय पोरींच्या शिक्षनाच्या इरोधात न्हाई. पन घाटात गाडी थांबली अन् मागनं ट्रक आला, तर मी माज्या लेकाला काय सांगू? हा आठवडा पोरी घरीच ऱ्हातील. सोमवारी आमी सगळे बगू. सोमवारी अडली, तर पोरी कायमच्या घरी. एकीच्या चुलत्यानं तर स्थळं बगायला सुरवात बी केलीया.”

“कुणाच्या?”

“ती आलेख काडती, तिच्या.”

त्या दिवशी मी जेवले नाही. पाच वर्षं शिकून आले आणि एका तीन सिलिंडरच्या इंजिनापुढे हात टेकले होते. शकूताई गाडीच्या पायरीवर बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “गाडी इकीन मी. पन पोरींना काय सांगू?”

*

मी रोज चार वाजता गॅरेजमधून निघायचे, आणि दुरुस्त झालेल्या गाड्या नाना त्यानंतरच सोडायचे. जवळच्या वसतिगृहात ‘मुलींसाठी मेकॅनिक’ असा मोफत वर्ग घ्यायचे. वर्गात कधी तीन मुली असायच्या, कधी एकच, ती सुद्धा पंख्याखाली अभ्यास करायला. त्या शनिवारी ती पण आली नाही. मी पावणेपाचला परत आले. त्यामुळे तीन महिन्यांत पहिल्यांदाच शकूताईंची गाडी दुरुस्त होऊन घरी निघताना बघायला मिळाली.

नाना हातपाय धुऊन, टोपी घालून उभे होते. गाडीसमोर उदबत्ती. दगडावर नारळ फुटला. मग नानांनी शेजारची सीट उचलली आणि नारळाचं पाणी हळूहळू, प्रेमाने, थेट इंजिनावर ओतलं.

“नाना!”

“काय गं?”

“हे काय करताय?”

“थंड करतूय. डोकं तापतंय तिचं.” मग जरा अभिमानाने म्हणाले, “माज्या हातची एक बी गाडी नारळाबिगर बाहेर जात न्हाई. हिला तर मी आता दोन फोडतो. परत परत येती ना!”

शकूताई हात जोडून म्हणाल्या, “मी बी अवसेला घरी एक फोडते. नानांनीच सांगितलंय.”

मी टॉर्च घेऊन सीटखाली वाकले. डेल्को, म्हणजे जिथून तिन्ही प्लगना ठिणगी वाटली जाते तो डबा, समोरच होता. त्याच्या टोपीवर चिकट, पिवळसर थर. नव्या वायरींवर तसाच. आणि एका वायरीवरून मुंग्यांची रांग चालली होती. शिस्तीत, एकामागे एक, थेट प्लगपर्यंत.

नारळाचं पाणी वाळतं, पण त्यातली साखर राहते. दिवसा तो थर कोरडा, सगळं ठीक. शकूताईंची गाडी उघड्यावर, भिजवलेल्या वावराच्या कडेला उभी असते. पहाटे दव पडलं की थर ओला व्हायचा आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आत वाटेतच निसटायची. नऊपर्यंत ऊन आणि इंजिनाची ऊब मिळाली की पुन्हा कोरडं. म्हणून आमच्या दारात गाडी शहाणी. म्हणून पत्र्याखाली तीन दिवस गुणी. आणि म्हणूनच, प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा आजारी!

“शकूताई, हे मिसिंग पहिल्यांदा कधी सुरू झालं?”

“दिवाळीच्या आधी क्लच टाकला बगा नानांकडं. त्याच्यानंतर.”

मी पाण्याचा फवारा आणला, वायरींवर हलका मारला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. गाडी शिंकली. सीटखालच्या काळोखात वायरीवरून निळी ठिणगी पळताना तिघांनीही बघितली. तीन महिने शोधत होते ती चूक हाताला लागली होती. मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. मी नानांकडे बघितलं.

नाना पायरीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“म्हंजी मीच?” ते म्हणाले.

मी टॉर्च बंद केला. शकूताई म्हणाल्या, “जाऊ द्या नाना. तुमी काय वाईट चितलं व्हतं का?”

*

रविवारी नाना माझ्या आधी येऊन बसले होते. प्रत्येक वायर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. डेल्कोला नवी टोपी बसवली, वायरींना रबराचं आवरण घातलं, मुंग्यांना रॉकेलच्या बोळ्याने वाट दाखवली. मी फवारा मारून बघितला, पाच वेळा. एकही ठोका चुकला नाही.

संध्याकाळी गाडी निघाली. उदबत्ती नाही, नारळ नाही. नाना हात मागे बांधून उभे होते.

“उद्या सकाळी तू जा तिच्यासंगं,” ते मला म्हणाले. “मी येत न्हाई. माज्या हाताचा भरवसा न्हाई. गाडी निगाली की हात नारळाकडं जातूय.”

म्हणून रविवारी मी शकूताईंकडे मुक्कामाला गेले.

*

सोमवारी सकाळी सहाला बाहेर आले. पाण्यात बुडवून काढल्यासारखं दव पडलं होतं. व्हॅनच्या काचा आंधळ्या. शकूताईंनी चावी फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. शकूताईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

मग आम्ही गाडी वस्तीच्या चौकात घेऊन गेलो.

चौकात सगळे उभे होते. आठ पोरी, आठ आया, तीन-चार बाप, सगळ्यांच्या पुढे आबा. आणि घरटी एक, असे आठ नारळ.

“आज गाडीच्या परीक्षेचा दिस,” आबा म्हणाले. “आमी ठरीवलंय, आठी घरांनी फोडायचे. नाना करत्यात तसंच. इंजिनावर.”

शकूताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली उतरून, जोडता येतील तेवढे शब्द जोडून सांगितलं. पाणी, साखर, दव, ठिणगी. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी देवाचं पानी वाईट?”

“वाईट नाही आबा. फक्त इंजिनावर नको. चाकावर ओतू या.”

“चाकावर? घाटात अडलं काय हुतं? चाक का इंजिन?”

मागे एका आईने पोरीच्या हातातलं दप्तर काढून स्वतःच्या हातात घेतलं. ती पोरगी म्हणजे आलेख काढणारी. दुसरी आई म्हणाली, “बिननारळाची गाडी न्यायची तर माजी न्हाई येनार.” पोरी खाली बघत होत्या. सव्वासहा झाले होते. घाट चढून शाळा गाठायची तर निघायला हवं होतं. इंजिन आपलं एकसारखं चालत होतं.

मी पुढचं दार उघडलं आणि शकूताईंच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. म्हणजे बरोबर इंजिनावर.

आबा नारळ घेऊन दारापाशी आले. “ताई, उटा. सीट उचलायचीय.”

“आबा, मी आज उठणार नाही.”

“मग पानी कुठं घालायचं?”

मी हेअरबँड काढून शकूताईंच्या हातात दिला, आणि दारातून डोकं बाहेर काढून खाली वाकवलं.

आबांनी एकदा नारळाकडे बघितलं, एकदा माझ्या डोक्याकडे. मग दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला आणि मानेवरून थंडगार पाणी उतरलं. दुसरा. कुणीतरी कपाळाला कुंकू लावलं.

तिसऱ्या नारळाला पोरी मागच्या दाराने गाडीत चढायला लागल्या.